ईदचा गल्ला आणि कॉलेजची हजेरी

रमजानचा शेवटचा आठवडा आला की माधवनगरातल्या अनेक मुलांचे पाय सांगली-मिरजेच्या बाजारांकडे वळतात. कोणी खजुराची गाडी लावतो, कोणी शेवया आणि सुकामेवा विकतो, कोणी टोप्या, अत्तर, बांगड्या, तयार कुर्ते. इफ्तारनंतर भरलेला हा बाजार मध्यरात्र उलटली तरी हलत नाही. सहेरी करून पहाटे आडवा झालेला मुलगा मग सकाळच्या तासाला पोचत नाही. ईद झाली की हिशेब होतो, उधारी फिटते, उरलेला माल परत जातो. हातात राहिलेली रक्कम पाहून घरातले मोठे एकमेकांकडे बघतात आणि मुलगाच विचारतो, एका महिन्यात एवढे सुटतात, तर तीन वर्षे कॉलेजात काय करायचे?

हा प्रश्न एकाच मोहल्ल्यातला नाही. गणपतीत मूर्तींचा मांडव घालणारा आणि दिवाळीत आकाशकंदील विकणारा मुलगाही घरी जाऊन हेच विचारतो. त्याला ‘शिकलास तर साहेब होशील’ हे जुने उत्तर आता पटत नाही. गल्लीतला पदवीधर दादा स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नात अडकलेला त्याने पाहिलेला असतो. बी.कॉम. झालेल्याला साधे जीएसटीचे बिल करता येत नाही, हेही त्याने पाहिलेले असते. सरकारसुद्धा त्याच्या बाजूचे वाटावे अशी स्थिती आहे. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज हवे असेल, तर उत्पादनासाठी 10 लाखांवरच्या आणि सेवा व्यवसायासाठी 5 लाखांवरच्या प्रकल्पाला शिक्षणाची अट आहे ती फक्त आठवी पास. त्याखालच्या रकमेला तीही नाही. पदवी कोणी मागतच नाही.

त्याच्या बाजूने आणखी एक साक्ष मिरजेत उभी आहे. तिथल्या सतारमेकरांच्या घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचे सारे ज्ञान बापाच्या शेजारी बसून मिळाले. कोणत्याही विद्यापीठात तो अभ्यासक्रम नव्हता. देशभरातले गवई तंबोऱ्यासाठी मिरजेला येत राहिले. मात्र या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळायला 2024 साल उजाडावे लागले, आणि ते नुसत्या हाताच्या कसबावर मिळाले नाही. त्यासाठी संस्था नोंदवावी लागते, इतिहासाचे पुरावे जमवावे लागतात, अर्ज लिहावा लागतो, त्यावरच्या हरकतींना उत्तरे द्यावी लागतात. वाद्य कारागिराने घडवले, पण त्याचे नाव राखायला कागद लागला.

मोबाइलवरच्या चित्रफिती मात्र ही गोष्ट सांगत नाहीत. त्यात कॉलेज सोडलेला मुलगा अब्जाधीश होतो आणि गोष्ट संपते. बिल गेट्स यांनी हार्वर्ड सोडले हे खरे. पण सोडण्यासाठी आधी हार्वर्डला प्रवेश मिळावा लागतो, आणि घरी परतायची वेळ आली तर सांभाळणारे वडील वकील असावे लागतात. अझीम प्रेमजींचे उदाहरण तर महाराष्ट्रातले आहे. 1966 मध्ये वडील अचानक गेले आणि स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट टाकून एकवीस वर्षांच्या मुलाला परत यावे लागले. अमळनेरात वनस्पती तूप आणि तेल बनवणारा वडिलांचा कारखाना त्याची वाट पाहत होता. त्या कारखान्यातूनच पुढे विप्रो उभी राहिली. पण ती राहिलेली पदवी प्रेमजींनी सोडून दिली नाही. तीसेक वर्षांनी, पदवीचा व्यवहारात काडीचाही उपयोग उरला नसताना, त्यांनी ती पूर्ण केली. हा भाग चित्रफितीत येत नाही.

खरे तर सांगली जिल्ह्याला उदाहरणासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. सांगलीहून पुण्याच्या गाडीत बसले की भिलवडीनंतर थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी लागते. 1910 मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींच्या मदतीने कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी हा कारखाना वसवला. त्यांच्याविषयी ‘फारसे न शिकलेला कारखानदार’ असे बोलले जाते, आणि कॉलेज नको म्हणणाऱ्यांना ते सोयीचे असते. घडले ते असे. चित्रकार व्हायचे म्हणून हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे उमगले. रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. त्याने यांत्रिक आरेखन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत तेच शिकवण्याची नोकरी केली. तिथली यंत्रे, तिथली पुस्तके हाताखालून गेली. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून तो बेळगावला भावाबरोबर सायकली विकू लागला. मग कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन बाटते, तिला विष लागते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर विकला जाईना. तरी कारखाना टिकला.

या माणसाला पदवी नव्हती, पण नकाशा काढता येत होता. परदेशी यंत्राचा तक्ता वाचून ते इथल्या मातीसाठी कसे बदलायचे, हे समजत होते. आणि त्याने स्वतःच्या मुलाचे काय केले? शंतनुरावांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत पाठवले. 1926 मध्ये ते यंत्र अभियंता होऊन आले आणि डिझेल इंजिनांचा मोठा उद्योग त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला. बापाने आपल्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष ‘शाळा नको’ असा नव्हता.

जाता जाता एक गंमत. हेच नांगर विकत सातारा भागात फिरलेला एक विक्रेता स्वतः मॅट्रिक झालेला नव्हता. त्याने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 मध्ये साताऱ्यात कॉलेज सुरू करून तिथे ‘कमवा आणि शिका’ अमलात आणले. कर्मवीर भाऊरावांना विक्रीही येत होती आणि शाळेची किंमतही कळत होती. सांगलीजवळच्या पद्माळ्याचे वसंतदादा फारसे शिकलेले नव्हते. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे 1983 मध्ये उघडली ती त्यांनीच. न शिकलेल्या माणसांनी या भागात कॉलेजे काढली. ती बंद करा असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही.

आता पुन्हा माधवनगरात येऊ. इथली ओळख कापडाची, यंत्रमागांची. खर्चीवाला मागमालक व्यापाऱ्याचे सूत घेतो, मजुरीवर कापड विणून देतो आणि पैशांसाठी थांबतो. मजुरी महिनोन्‌महिने अडकते. कामगाराचा पगार आणि विजेचे बिल मात्र थांबत नाही. अशा घरातला मुलगा मागाचा आवाज ऐकून कुठे धागा तुटला ते सांगू शकतो. ही तालीम कोणतेही कॉलेज देणार नाही. पण 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात काय लिहिले आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सूक्ष्म किंवा लघु उद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, असे कायदा म्हणतो. दाद मागायला परिषद आहे. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. व्यापाऱ्याशी वाकडे कोण घेणार, हा प्रश्न खराच आहे. कायदा दाखवला की पुढचे सूत मिळायचे नाही, ही भीतीही खोटी नाही. तरीही हक्क ठाऊक असून गप्प बसणे आणि हक्कच ठाऊक नसणे यांत फरक आहे. पहिल्या माणसाला सौदा करता येतो.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तीन वर्षांत हे शिकतो का? अनेक ठिकाणी नाही शिकत. त्याला व्याख्या पाठ असते. कॉलेजांनी याची लाज बाळगायला हवी. धंदा करणाऱ्या मुलाकडे कॉलेज आजही ‘गैरहजर’ म्हणूनच पाहते. 75 टक्के हजेरीचा नियम रजिस्टरात चोख असतो, पण मुलगा त्या वेळेत काय करत होता, याची चौकशी होत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुन्हा परत येता येते. मग ते प्रशिक्षण एखाद्या कंपनीच्या शिक्क्याच्या पत्रावरच का मोजायचे? ईदच्या महिन्यात खजुराचा धंदा चालवणाऱ्या मुलाने खरेदी, विक्री, नासाडी, उधारी यांचा ताळेबंद मांडून दिला, तर त्याहून चांगला प्रकल्प वाणिज्य विभागाला कुठला मिळणार आहे? गेली काही वर्षे रमजान परीक्षांच्या आसपास येतो. तेवढ्यासाठी तरी याचा विचार व्हावा.

मुलींबाबत तर हिशेबच वेगळा आहे. मुलगा कॉलेज सोडतो तेव्हा दुकानात जातो. मुलगी सोडते तेव्हा बहुतेक वेळा तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. घरून मेंदीचे काम, शिवणकाम, केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या मुली या भागात कमी नाहीत, आणि त्यांतल्या काहींचा हिशेब भावांपेक्षा पक्का असतो. पण बँकेत स्वतःच्या नावाचे खाते उघडायला जाणे, दुसऱ्या गावच्या मैत्रिणींकडून ग्राहक मिळवणे, मराठी-इंग्रजीत न घाबरता बोलणे, हे जमायला रोज घराबाहेर पडण्याची जी सबब लागते ती अजून तरी कॉलेजच पुरवते. ‘धंदाच करायचा आहे तर पदवी कशाला’ हे वाक्य मुलीच्या तोंडी घालण्याआधी घरच्यांनी एवढे तरी पाहावे.

पैशाचाही भाग आहे. ज्याच्या वडिलांचे स्वतःचे दुकान आहे, त्याने कॉलेज सोडले आणि धंदा बुडाला, तर त्याला पुन्हा गल्ल्यावर बसता येते. ज्याचे भांडवल म्हणजे मामाकडून आणलेले वीस हजार, त्याचा धंदा बुडाला तर मागे काही राहत नाही. म्हणून भांडवल नसलेल्यानेच पदवी सोडू नये. सकाळचे वर्ग घ्यावेत. तेही जमत नसेल, तर 1989 पासून चालणारे नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे, तिथे नाव घालावे. तीन वर्षांची चार झाली तरी बिघडत नाही.

रमजानमध्ये ऐपतदार मुसलमान आपल्या बचतीच्या अडीच टक्के जकात काढतात. कोणत्या मुलाला हातगाडी घेऊन द्यायची आणि कोणाची फी भरायची, हा वाद दरवर्षी अनेक घरांत आणि समित्यांत होतो. या वर्षी निदान एक करून पाहावे. ज्याला गाडी घेऊन द्यायची, त्याच्याच हातात मुक्त विद्यापीठाचा किंवा जवळच्या कॉलेजचा प्रवेश अर्जही द्यावा, आणि दोन्हींचे पैसे एकत्रच मोजावेत. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. तोवर ईदचा हिशेबही झालेला असेल.