दुखत नाही म्हणून थांबू नका



तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर लगेच डॉक्टरला दाखवा. सोयाबीनची सोंगणी होऊ द्या, हरभरा पेरून होऊ द्या, मग जाऊ, असं म्हणत वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून कारंज्या-मानोऱ्यापर्यंत घरोघरी दुखणं अंगावर काढलं जातं. कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखल्याशिवाय आपण दवाखान्याची पायरी चढत नाही. घात होतो तो इथेच.

खर्रा, गुटखा खाणाऱ्यांनी आज आरशासमोर उजेडात उभं राहावं. तोंड पूर्ण उघडून तीन बोटं एकावर एक अशी उभी वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघावीत. बोटं जात नसतील, साधी भाजीही तोंडात झोंबत असेल, गाल आतून पांढुरका नि ताठ लागत असेल, तर वाट पाहू नका. जिभेच्या कडेला, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तेही बघा. ‘मी नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनो, तंबाखूशिवाय नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो.

मायबहिणींनो, स्तनात न दुखणारी गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर लाजेपायी लपवू नका. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, हेही दाखवायलाच हवं. घरात बोलायची चोरी असेल, तर आशाताईंना सांगा.

आवाज तीन आठवडे बसलेला, घास अडकतोय, वजन विनाकारण उतरतंय, ही लक्षणंही तपासून घ्या. शौचातून रक्त गेलं की मूळव्याधच, असं घरी ठरवू नका.

यातलं काही आढळलं म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. पुष्कळदा साधंच कारण निघतं. पण ते तपासूनच कळतं. तपासणीसाठी तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, या भीतीपायी माणसं झाडपाल्यात मोलाचे महिने घालवतात. ही भीती खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय उपचारच ठरत नाहीत.

तिशी ओलांडलेल्यांसाठी तोंडाची, आणि स्त्रियांसाठी स्तनाची व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहे. पुढे अकोला-नागपूरला जावं लागलं, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आजच लावा.