बिनसहीचे जामीनदार

तर मंडळी, गेल्या दिवाळीत सेलूला गेलो होतो. फराळ, झोपा आणि मोंढ्यात एक चक्कर, एवढाच बेत. (पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी: सेलू म्हणजे परभणी-जालना रेल्वेमार्गावरचं आमचं गाव आणि मोंढा म्हणजे धान्य-कापसाची बाजारपेठ.) पण लक्ष्मीपूजनाच्या सकाळीच एक फोन आला आणि सगळ्यावर पाणी पडलं.

अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस हिंदीत, शिव्यांसकट: तुमच्या काकांनी कर्ज बुडवलंय, पैसे भरता की त्यांचे फोटो गावभर पाठवू? तासाभरात कळलं, असाच फोन काकूच्या भावाला गेलाय, गिरणीवाल्याला गेलाय, माझ्या शाळेतल्या सरांनाही गेलाय. काकांनी एका ॲपवरून आठ हजार उचलले होते. हातात पडले साडेपाच हजार आणि सात दिवसांत फेडायचे पूर्ण आठ. ॲप कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून उतरवलेलं. त्यानं कॉन्टॅक्ट्स मागितले, काकांनी हो म्हटलं.

मी चिडलोच. "काका, हो कशाला म्हणालात?"

"अरे, प्रत्येकच ॲप विचारतंय की! हो म्हणल्याशिवाय पुढं जाऊच देत नाही. मला काय माहीत हा गावभर फोन करायलाय म्हणून!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण काका खरं बोलत होते.

आता आमच्या धंद्यातली मंडळी लगेच म्हणतील, "त्यात काय एवढं? गावातल्या आडत्यालाही सगळं माहीत असतंच की." हो, असतं. कुणाचा कापूस किती झाला, कुणाच्या पोरीचं लग्न निघालंय, सगळं माहीत असतं. आणि आडत्या काही संत नव्हे. व्याजात लोकांना पिळणारेही पाहिलेत. पण तो उचल देताना जामीनदार मागतो, तेव्हा त्या जामीनदाराला यावं लागतं. तो बसतो, चहा पितो, पटलं तर सही करतो, नाही तर "आपल्याला जमायचं नाही" म्हणून उठून जातो. काकांच्या फोनमध्ये चारशे नावं होती. ॲपनं त्या चारशेही जणांना जामीनदार करून टाकलं. एकालाही न विचारता!

माझा मुद्दा एवढाच आहे. काकांचा नंबर काकांचा. माझा नंबर, सरांचा नंबर द्यायला काकांची संमती चालतेच कशी? 'परवानगी द्या' हे बटण दाबणारा स्वतःचं काहीच देत नसतो, दुसऱ्यांचं देत असतो. मग त्याला संमती म्हणायचं की आणखी काही?

तुम्ही म्हणाल, ते ॲप चोरांचं होतं. मान्य. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटानं नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात सांगितलं होतं, की त्या वर्षीच्या पहिल्या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप्स सापडली आणि त्यातली ६०० बेकायदा होती. २ सप्टेंबर २०२२ ला बँकेनं नियमच काढला, की कर्जाच्या ॲपनं कॉन्टॅक्ट्स, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. गूगलनंही ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केले. चोर मग लिंकच्या वाटेनं आले.

पण चोराला 'हो' म्हणायची सवय काकांना लावली कुणी? ती लावली साळसूद कंपन्यांनी. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंडच्या डेटा आयोगानं व्हॉट्सॲपला २२.५ कोटी युरोंचा दंड केला. त्यात एक मुद्दा असा, की जे लोक व्हॉट्सॲप वापरतच नाहीत त्यांचेही नंबर दुसऱ्यांच्या फोनमधून कंपनीकडे जात होते आणि त्याची माहिती त्या लोकांना नीट दिलेली नव्हती. म्हणजे तेच, बिनसहीचे जामीनदार! फरक इतकाच की इथं शिव्या देणारा फोन येत नाही.

आणि साळसुदांत मीही आलोच. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत 'मित्रांना शोधा' नावाचा स्क्रीन मी स्वतः लिहिलाय. 'चालू करा' ठसठशीत हिरवं. 'नंतर' फिकट राखाडी, आणि तेही दाबलं तर तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. 'नको' नव्हतंच. आकडे वाढले, टीमनं आइस्क्रीम खाल्लं. त्या स्क्रीनमागे सेलूतला कुणी काका असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

बरं, तांत्रिक अडचण होती म्हणावं तर तीही नाही. अँड्रॉइडमध्ये कॉन्टॅक्ट निवडण्याची सोय कधीपासून आहे: वापरणारा एक नाव निवडतो, ॲपला तेवढंच मिळतं, अख्ख्या वहीची परवानगी लागतच नाही. आयफोनवरही २०२४ च्या आयओएस १८ पासून मोजकीच नावं देता येतात. आम्ही अख्खी वही मागतो कारण ती फुकट मिळते.

कायदा येतोय म्हणून हात झटकू नका. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. संमतीची सूचना मराठीतही मिळायला हवी, असं त्यात आहे. उत्तम. पण दुसऱ्याचा नंबर मागणं शुद्ध मराठीत मागितलं तरी चूकच.

तेव्हा दोन कामं करा. आज रात्री फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट्स कुणाकुणाला दिलेत ते बघा आणि ज्यांना गरज नाही त्यांचे काढून घ्या. आणि सोमवारी मीटिंगमध्ये कुणी 'कॉन्टॅक्ट्स सिंक' म्हणालं, की विचारा: अख्खी वही कशाला हवी? उत्तर 'ग्रोथ' असेल तर ते काम घेऊ नका. नोकरी जात नाही त्यानं. फार तर आइस्क्रीम हुकेल.

काकांनी १९३० वर तक्रार नोंदवली, ॲप काढून टाकलं. मग संध्याकाळी उठून सरांच्या घरी गेले, माफी मागायला. स्क्रीन आम्ही लिहायचे आणि माफी त्यांनी मागायची... असो.