चोर सोडून संन्याशाला फाशी

लिनक्स फुकट खरं, पण त्यावर प्रिंटर चालत नाही, स्कॅनर चालत नाही, तेव्हा गावखेड्यात त्याचा उपयोग शून्य. विंडोज टाका आणि मोकळे व्हा. संगणकाच्या धंद्यातले एक जाणकार हे असं ठासून सांगतात, की ऐकणाऱ्याला शंका विचारायचीही लाज वाटावी.

मोकळं कोण होतं ते बघायला बुलढाणा तालुक्यातल्या धाडसारख्या गावातलं झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान पुरे. अशा दुकानांतल्या टेबलांवर कॅनॉनचा एलबीपी 2900 हमखास भेटतो. सातबारा, पीकविम्याची पावती, सगळं त्यातूनच निघतं. प्रिंटर कणखर, पण पान स्वतः रचत नाही. ते संगणकाने रचायचं आणि कंपनीच्या ‘कॅप्ट’ नावाच्या खासगी भाषेत त्याला पाठवायचं. ही भाषा कंपनीने खुली केली नाही. लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण त्याचे महत्त्वाचे भाग कुलूपबंद आणि 32 बिटी. 64 बिटी संगणकावर बसवायचा तर आधी जुन्या लायब्रऱ्या धुंडाळा. शेवटी स्वयंसेवकांनी यूएसबीच्या तारेतून काय जातं ते टिपून भाषा उलगडली आणि स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. एवढं करून नापास कोण? लिनक्स! कुलूप लावणारा मात्र साव.

एचपीच्या लेझरजेट 1020 ची कथा निराळी नाही. चालू केला की दर वेळी त्याला संगणकाकडून कंपनीचं कुलूपबंद फर्मवेअर भरवावं लागतं.

आणि विंडोजवर सगळं चालतं म्हणे! 2007 मध्ये व्हिस्टा आली तेव्हा एक्सपीवर धडधाकट असलेली किती यंत्रं अडगळीत गेली, ते जाणकार सोयीने विसरतात. कॅनॉनच्या कॅनोस्कॅन लाइड 30 या स्कॅनरला 64 बिटी विंडोजचा ड्रायव्हर मिळालाच नाही. लिनक्सच्या ‘सेन’ या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरवर तो चालतो. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप हवी. मग जुना संगणक भंगारात घालायचा का?

आधारच्या अंगठ्याच्या यंत्रापुरतं जाणकारांचं म्हणणं खरं आहे. त्याला लागणारी आरडी सेवा (नोंदणीकृत यंत्राचं सॉफ्टवेअर) बहुतेकदा विंडोज आणि अँड्रॉइडपुरतीच मिळते. तेवढ्यासाठी एक विंडोज ठेवावी.

बाकी कामांना लिनक्स पुरतं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं ते वापरत आहेत. एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर ही छपाईची मानकं पाळणाऱ्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. प्रिंटर घेताना दुकानदाराने लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह नेऊन, एक पान छापून मगच पैसे मोजावेत. आणि ड्रायव्हर खुला असल्याची अट सरकारी खरेदीच्या निविदेत यावी.