खाडा पडला तरी नेम मोडत नाही

खाडा हा शब्द तुमच्या घरात नक्की असणार. दूधवाला आला नाही की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण होते. पेपरवाल्याचा खाडा, कामाला येणाऱ्या मावशींचा खाडा, सगळ्यांची नोंद तिथेच. महिनाअखेरीला हिशेब होतो, तेवढे पैसे कमी होतात आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी दूध येतंच. एका खाड्यासाठी कोणी रतीब बंद करत नाही.

मग स्वतःच्या बाबतीत आपण इतके कडक का होतो?

रोज सकाळी चालायला जायचं ठरवलं. नऊ दिवस गेलो, दहाव्या दिवशी झोप लागली, अकराव्या दिवशी बूट पुन्हा खोक्यात. रोज संध्याकाळी देवापुढे पाच मिनिटं बसायचं ठरवलं. पाहुणे आले, दोन दिवस राहून गेलं आणि मग "आता पुढच्या महिन्यापासून बघू." तुमच्याही घरात अशी एखादी अर्धवट डायरी, अर्धवट पोथी किंवा कपडे वाळत घालायच्या कामी आलेली व्यायामाची सायकल असेल. त्यातली बहुतेक कामं कंटाळ्यामुळे सुटलेली नसतात. एक दिवस चुकला आणि मन खट्टू झालं, म्हणून सुटलेली असतात.

यात आपल्या हातातला फोनही भर घालतो. भाषा शिकवणारं ॲप असो की पावलं मोजणारं, बहुतेकांत "स्ट्रीक" असते. सलग ४० दिवस केलंत की शाबासकी मिळते. एकेचाळिसाव्या दिवशी चुकलात की आकडा थेट शून्यावर! म्हणजे ते चाळीस दिवस वायाच गेले का? शिकलेले शब्द डोक्यातून पुसले गेले का? नाही ना? पण शून्य बघितलं की माणसाला तसं वाटतं खरं.

मी दिल्लीत पहाडगंजला राहते. नवी दिल्ली स्टेशनातून या बाजूला बाहेर पडलं की समोर मेन बझार. हॉटेलांच्या पाट्या, पाठीवर बॅगा घेतलेले परदेशी प्रवासी, ई-रिक्षांची गर्दी, छोले-भटुऱ्यांचा वास. याच भागात बृहन्महाराष्ट्र भवन आहे आणि नूतन मराठी शाळाही आहे, त्यामुळे अधूनमधून मराठी कानावर पडतं आणि बरं वाटतं. इथे रोज कोणी तरी येतं, कोणी तरी जातं. अशा ठिकाणी रोजची एकच गोष्ट रोज करणं अवघडच.

तरी सकाळी दुकानं उघडताना बघा. दुकानदार शटर वर करतो, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो, समोर पाणी शिंपडतो, उदबत्ती ओवाळतो आणि मग पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळतो. लग्नकार्यासाठी गावी गेलेला दुकानदार पंधरा दिवसांनी परत आला, तरी पहिल्या सकाळी त्याचा हात त्याच उंबऱ्याकडे जातो. मधले पंधरा दिवस त्याने कुठे लिहून ठेवलेले नसतात.

आता थोडं शास्त्राकडे वळू. "कोणतीही सवय २१ दिवसांत लागते" हे तुम्ही ऐकलं असेल. हा आकडा बहुतेक मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला "निदान" गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडली, उदाहरणार्थ जेवणासोबत एक फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं, आणि ती रोज ठरलेल्या वेळेला जोडली. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असं दिसलं. पण माणसामाणसांत फार फरक होता. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातलं मला सर्वांत आवडलेलं निरीक्षण हे, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

हे वाचताना मला आपला चातुर्मास आठवला. आषाढी एकादशीला एखादा नेम धरायचा आणि कार्तिकीपर्यंत पाळायचा. चार महिने! कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी रोज एक अध्याय वाचतं, कोणी रोज तुळशीला पाणी घालतं. आणि प्रत्येक नेमाची वेळही ठरलेली असते, अंघोळ झाल्यावर, जेवायच्या आधी, दिवेलागणीला. आपल्या आज्यांनी हा अभ्यास वाचलेला नव्हता, पण सवय मुरायला वेळ लागतो आणि तिला रोजच्या कशाला तरी बांधावं लागतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

पण खाडा आज्यांनाही लागतो. माझी आजी नाशिकला असते. संध्याकाळी स्वतःच्या हाताने दिवा लावायचा आणि हरिपाठ म्हणायचा, हा तिचा लग्न झाल्यापासूनचा नेम. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. बारा दिवस दवाखान्यात गेले. घरी आल्यावर वॉकर धरून दिवसातून तीन वेळा चालायला सांगितलं होतं. या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस अंथरुणाला खिळला तर स्नायू गळतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. म्हणजे चालणं हेच औषध होतं.

आजी मात्र उठेना. "पन्नास वर्षांत पडला नाही तो खाडा पडला. आता कसला नेम आणि कसलं काय," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दुखत तर होतंच, पण मनही हरलं होतं. नेम गेला, त्याच्यामागून चालणंही गेलं. इकडे दिल्लीत रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा.

आईने समजावण्याच्या भानगडीत न पडता एका संध्याकाळी नुसतं विचारलं, "आई, आज दिवा मी लावू का? तुम्ही पडूनच म्हणा हरिपाठ." आजीला ते पटेना. आपण घरात असताना आपल्या देवांपुढे दिवा दुसऱ्याने लावायचा? "थांब," म्हणाली. उठून बसायलाच पाच मिनिटं लागली. पलंगापासून देवघर फार तर दहा-बारा पावलं. आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, मध्ये वॉकर. दिवा लागला. त्या दिवशी हरिपाठ पूर्ण झाला नाही, दोनच अभंग झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा पावलं, मग सकाळीही दहा. दोन महिन्यांनी ती अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊ लागली. आता जमिनीवर बसता येत नाही, म्हणून खुर्चीवर बसून म्हणते.

मध्यंतरी मी तिला फोनवर विचारलं, "आजी, मग त्या बारा दिवसांचं काय?"

ती म्हणाली, "अगं, विठोबाकडे कुठे कॅलेंडर आहे खाडे मांडायला?"

विठोबाचं नाव निघालं म्हणून सांगते. वारीइतका मोठा नेम महाराष्ट्रात दुसरा नसेल. आळंदीहून पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पायी. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारी निघू शकली नाही. तेव्हा संतांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. २०२१ मध्येही बसच. कितीतरी वारकऱ्यांनी त्या दिवशी घरातच टाळ हातात घेतले. आणि २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या. "दोन वर्षं चुकलं, आता कशाला" असं कोणी म्हणालं नाही.

पहाडगंजहून चालत जाता येईल अशा अंतरावर, मंदिर मार्गावर, वाल्मीकी मंदिर आहे. गांधीजींनी १९४६-४७ मध्ये तिथे २१४ दिवस मुक्काम केला. सायंप्रार्थना हा त्यांचा रोजचा नेम. एप्रिल १९४७ च्या सुरुवातीला प्रार्थनेत कुराणातल्या आयती म्हणायला तिथे जमलेल्या काही जणांनी हरकत घेतली. त्यांना जबरदस्तीने बाहेर काढून प्रार्थना उरकता आली असती. गांधीजींनी ती थांबवली. लागोपाठ काही संध्याकाळी असं झालं. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच वेळी प्रार्थनेला येत राहिले आणि हरकत मावळल्यावर ती पूर्ण झाली. प्रार्थनेपेक्षा समोरच्या माणसाचं मन मोठं, असं त्या वेळी त्यांना वाटलं असेल. काही खाडे असेही असतात, जे चांगल्या कारणासाठी पडतात. आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेलं म्हणून पूजा राहिली, तर तो खाडा कसला?

इतर धर्मांतही ही सोय आहे. रमजानमध्ये आजारी माणसाचे किंवा प्रवाशाचे जे रोजे राहतात, ते नंतर ठेवता येतात. शीख बांधवांच्या रोजच्या पाठाला "नितनेम" म्हणतात. शब्द तोच आहे बघा, आपलाच नेम!

अर्थात, खाडा म्हणजे सवलत नाही. रोजच खाडा पडू लागला तर त्याला रतीब बंद होणं म्हणतात. म्हणून तीन छोट्या गोष्टी सुचवते.

पहिली, नवा नेम जुन्या सवयीच्या शेपटाला बांधा. चहा ठेवला की एक श्लोक, दात घासले की दहा बैठका, जेवण झालं की शतपावली.

दुसरी, वाईट दिवसासाठी नेमाचं छोटं रूप आधीच ठरवून ठेवा. अर्धा तास जमत नसेल तर दोन मिनिटं. पूर्ण हरिपाठ नाही तर दोन अभंग.

तिसरी, खाडा पडलाच तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. दमून तिसरा दिवसही हातचा जाईल. नेहमीएवढंच करा, नेहमीच्याच वेळी.

आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचा नेम चुकला असेल, मुलाचा अभ्यास, बाबांचं फिरणं, सासूबाईंची पोथी, तर "बघ, सोडलंसच ना शेवटी" म्हणू नका. त्याच वेळी त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि नुसतं विचारा, "आज मी सोबत येऊ का?"

तुमचा कोणता नेम मध्येच राहून गेलाय? आज दिवेलागणीला तो पुन्हा सुरू करा. अगदी दोन मिनिटांसाठी का होईना. तारीख एक नसली तरी चालेल, सोमवार नसला तरीही चालेल. पुढच्या लेखात भेटूच.