तंबाखूची पुडी आणि धारणीय वेग

‘तंबाखू सोडा’ हे दोन शब्द आपण वैद्यमंडळी दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. केसपेपरवर व्यसनाचा एक रकाना असतो. त्यात ‘तंबाखू, दिवसातून सहा-सात वेळा’ एवढे लिहिले आणि उपदेशाची दोन वाक्ये ऐकवली, की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. आम्हीही वीस वर्षे तसेच मानत आलो. त्या रकान्यात एक प्रश्न कमी आहे, असे आता आमचे मत झाले आहे, आणि ते मत बनण्यास एक रुग्ण कारण झाला.

पंचावन्नच्या आसपास वय असलेले हे शेतकरी गृहस्थ अम्लपित्तासाठी आमच्याकडे येत. तंबाखू तरुणपणापासूनची, पण बेताची. एका वर्षी ती एकाएकी दुपटीवर गेली. आम्ही बाहेर बसलेल्या चार रुग्णांच्या देखत त्यांना खडसावले. ते नुसते हसले, औषध घेऊन गेले आणि पुढे दोन वर्षे फिरकले नाहीत. परत आले तेव्हा डाव्या गालाच्या आतील बाजूस, जेथे ते पुडी धरून ठेवत नेमके तेथे, जाड पांढरा चट्टा होता आणि तिखटाचा घास सोसवत नव्हता. तपासणीसाठी शहरात पाठविण्याची चिठ्ठी आम्ही लिहीत असताना ते सहज म्हणाले, “ही गेल्यापासून संध्याकाळ सरत नाही, डॉक्टर. पुडी मळायला घेतली की हाताला काम असतं.” पत्नीचे निधन आणि तंबाखूचे दुप्पट होणे एकाच महिन्यातले होते. आम्ही विचारलेच नव्हते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. अधारणीय वेग तेरा, हे झोपेतही सांगता येते. पण त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनाचे धारणीय वेग येतात आणि थोडे पुढे, त्याच अध्यायात, अंगवळणी पडलेले अहितकर सेवन पादांशिक क्रमाने कसे सोडावे हेही येते. हे दोन विषय एकाच अध्यायात असणे आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. आपण मात्र एकास पाच गुणांचा प्रश्न म्हणून आणि दुसऱ्यास टीप म्हणून वाचले, आणि दवाखान्यात दोहोंची गाठ कधी घालून दिली नाही.

आधुनिक मानसशास्त्राने अलीकडे या गाठीवर चांगले काम केले आहे. २०२० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या भावनांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्रासदायक भावना कोणतीही असली तरी माणूस सिगारेटकडे वळतो, ही रूढ समजूत. त्यांना आढळले ते वेगळे. सर्व अप्रिय भावनांत दुःखाचे स्थान निराळे ठरले. दुःखाने ओढ वाढली, आणि प्रत्यक्ष झुरक्यांचे मापन केले तेव्हा धूर घेण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर सर्व धारणीय वेगांत शोकाचा या व्यसनाशी संबंध अधिक निकटचा. हे प्रयोग सिगारेट ओढणाऱ्यांवर झाले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार येथील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के धूरविरहित तंबाखू घेत होते, तर विडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांहूनही कमी होते. आपला रुग्ण मळतो, दाढेखाली धरतो. आपल्या रुग्णा मिश्री लावतात. पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावणाऱ्या वृद्धेस कोणी व्यसनी म्हणत नाही, आणि तिला काय सलते हेही कोणी विचारत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद करावा लागतो आणि चिकित्सकाचे कौशल्य तेथेच आहे. तंबाखू घेणारा म्हणतो, ‘घेतली की डोके शांत होते.’ हे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. निकोटिनची सवय जडलेल्या शरीरात मात्रा न मिळाल्यास काही तासांतच चिडचिड, अस्वस्थता, चित्त न लागणे ही लक्षणे सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वाधिक असतात आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. म्हणजे ज्या अशांतीवर तंबाखू उतारा ठरते, त्यातील बराच भाग तिनेच निर्माण केलेला असतो. २०१४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांमधील चिंता व विषाद न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे त्यात दिसते. सोडल्यास आपण खचून जाऊ, ही भीती बाळगणाऱ्या रुग्णास हे अवश्य सांगावे.

परंतु दुसरा भाग उरतोच. पुडीच्या आधीपासून असलेला शोक पुडी सोडल्याने जात नाही. म्हणून आम्ही आता किती वेळा हे विचारण्याआधी कोणत्या वेळी हे विचारतो. डोळे उघडताच लागणारी चिमूट शरीराच्या मागणीची. चहानंतरची, गाडीची वाट पाहतानाची, मित्राने पुढे केली म्हणून घेतलेली, ही नुसती सवय. आणि दिवसातील एखादीच अशी असते की जिच्याविषयी बोलताना रुग्ण खाली पाहतो. पादांशिक क्रमात टीकाकारांचा वाद पाद म्हणजे चतुर्थांश की षोडशांश हा आहे. आमच्या मते, कोणता पाद आधी काढावा हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सवयीची चिमूट प्रथम जावी. शोकाची सर्वांत शेवटी, आणि तिच्या जागी काही दिल्यावाचून नव्हे. इष्टवियोगाने बिघडलेल्या मनास सांत्वन, आश्वासन आणि गमावलेल्याच्या सदृश वस्तूची प्राप्ती हे उपाय चरकांनी उन्मादचिकित्सेत सांगितलेच आहेत.

क्रमाक्रमानेच सोडावे असा हट्टही नसावा. २०१६ साली इंग्लंडमधील एका प्रयोगात ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांना क्रमाने सोडणाऱ्यांपेक्षा अधिक यश आले. नंतरच्या एकत्रित आढाव्यांत दोन्ही मार्ग जवळपास सारखेच ठरले. ज्याचे सत्त्व प्रवर आहे त्याने खुशाल एका दिवसात सोडावे. ज्याला पहिले दोन-तीन दिवस सोसवत नाहीत त्यास निकोटिनयुक्त च्युइंगगम सुचविताना, किंवा विषाद गाढ असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविताना, आपल्या शास्त्रास कमीपणा येतो असे आम्हांस वाटत नाही. कमीपणा येतो तो चरकोक्त धूमपानाचा दाखला देऊन ‘आयुर्वेदिक’ विड्या विकल्या जातात तेव्हा. त्या धूमवर्तीत तंबाखू नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. धूमपानाचे काल आणि अतियोगाचे दोष ग्रंथात स्पष्ट दिलेले आहेत. तंबाखूविरहित वनस्पतीच्या धुरातही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतातच. असो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूस ठेवून लिहितो. आपल्यापैकी काहींच्या खिशातही पुडी असते. रुग्णांच्या दुःखाच्या कथा दिवसभर ऐकणाऱ्याचे स्वतःचे मन कोठे मोकळे होते, हा प्रश्न संघटनेच्या बैठकांत कधीच निघत नाही. तो निघावा.

त्या गृहस्थांच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही. कर्करोगपूर्व बदल मात्र होते. चट्टा शस्त्रक्रियेने काढला आणि नियमित तपासणी चालू आहे. दिवसाच्या साऱ्या पुड्या दोन महिन्यांत गेल्या. संध्याकाळची जाईना. गावच्या दूध संकलन केंद्रावर नोंदवही लिहिण्यास माणूस हवा होता. ते काम त्यांच्या मुलाने त्यांना मिळवून दिले. आता सात वाजेपर्यंत हाताला काम असते. तरीही अमावास्येला, पत्नीच्या तिथीच्या दिवशी, एखादी चिमूट होते. ती झाली की पुढच्या खेपेस ते स्वतःच सांगतात, आणि आम्ही ती केसपेपरवर लिहून घेतो. खडसावत नाही.