दोघांची नाव, दोघेही तांडेल

संसार म्हणजे दोन चाकांची गाडी, हे वाक्य ऐकले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. लग्नाच्या मांडवात ते ऐकू येते, पंचविसाव्या वाढदिवसाच्या भाषणात येते आणि पत्रिकेच्या मजकुरातही डोकावते. वाक्य खोटे नाही. पण त्यात एक अडचण आहे. गाडीचे एक चाक निखळले की गाडी थांबते. ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते, येणारा-जाणारा मदतीला धावतो. प्रत्येक संसाराच्या वाट्याला अशी सोयीची कडा येतेच असे नाही. म्हणून आज गाडीऐवजी नावेबद्दल बोलू या. स्वतःच्या नावेतून महिनोन् महिने प्रवास करणाऱ्या जोडप्यांनी या बाबतीत जे शिकून ठेवले आहे, ते घरात बसलेल्या आपल्यालाही उपयोगी पडणारे आहे.

आमचे बेळगोळ म्हैसूरजवळ, कावेरीच्या अंगाखांद्यावरचे गाव. वरच्या अंगाला कृष्णराजसागर धरण. १९११ साली त्याचे काम सुरू झाले, तेव्हा म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात शिकलेल्या या माणसाने आपले स्वयंचलित दरवाजे आधी खडकवासल्याच्या धरणावर बसवले होते, ही मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट. खालच्या अंगाला बलमुरीचा बंधारा आणि पुढे रंगनतिट्टूचे पक्षी अभयारण्य. या पाण्यात बांबूच्या कामट्यांची गोल टोपलीसारखी नाव चालते. तिला कन्नडमध्ये हरिगोलु म्हणतात. पूर्वी तिला बाहेरून कातडे लावत, आता प्लास्टिकचे जाड कापड आणि डांबर असते. एक वल्हे आणि एक माणूस, एवढ्यावर ती चालते. पण वल्हे मारण्याची खुबी ठाऊक नसेल, तर ती जागच्या जागी गरगर फिरत राहते.

अशा नदीकाठी राहणाऱ्याच्या मनात कधीतरी येतेच, की इथून नावेत बसावे आणि थेट समुद्राला जावे. नकाशावर तर निळी रेघ सलग दिसते. तळकावेरीपासून पूंपुहारपर्यंत नदीची लांबी सुमारे ८०० किलोमीटर. प्रत्यक्षात मात्र श्रीरंगपट्टणची बेटे ओलांडून पुढे गेले की शिवनसमुद्रचे धबधबे आडवे येतात. १९०२ साली तिथे वीजनिर्मिती सुरू झाली, ती पाण्याच्या त्याच उडीच्या जोरावर. पुढे होगेनक्कलचा खडकाळ प्रपात, मग १९३४ साली पूर्ण झालेले मेट्टूरचे धरण आणि त्यानंतर चोळ राजांच्या काळचा कल्लणै बंधारा. तिथून नदी फाटे आणि कालवे होऊन शेतांत शिरते. सागराला मिळते तेव्हा ती बरीच रोडावलेली असते. थोडक्यात, नकाशावर सलग दिसणारी नदी नावेसाठी सलग नसते. ज्यांना लांबचा जलप्रवास करायचा त्यांना खाडी आणि किनारा गाठावाच लागतो.

आणि असे करणारी जोडपी जगात आहेत. नाव हेच घर, शिधा फळीवर बांधलेला, अंथरूण हातभर रुंद. ही माणसे फार श्रीमंत असतात किंवा फार धाडसी असतात, असा आपला समज. त्यांच्या हकिगती वाचल्या की वेगळेच चित्र दिसते.

माइल्स आणि बेरिल स्मीटन या इंग्रज दांपत्याचे उदाहरण घ्या. आपल्या देशाशी त्यांचे जुने नाते. माइल्स ब्रिटिश अमदानीतील भारतीय लष्करात अधिकारी होते. १९३९ साली हिंदुकुशातील तिरिच मीर या शिखराच्या मोहिमेवर दोघे गेले, तेव्हा त्यांच्यासोबत तरुण तेनसिंग होता. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'त्झू हँग' नावाची शिडाची नौका घेतली. नौकानयनाचा अनुभव जेमतेमच होता. हळूहळू शिकत त्यांनी महासागर पार केले.

१९५७ च्या फेब्रुवारीत ते ऑस्ट्रेलियाहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, केप हॉर्नकडे निघाले होते. सोबतीला जॉन गझवेल हा मित्र होता. १४ फेब्रुवारीला सुकाणूवर पाळी बेरिलची होती, दोघे पुरुष खाली होते. मागून एक प्रचंड लाट आली आणि नौका शेपटाकडून उचलून तिने उलथी केली. बेरिल समुद्रात फेकली गेली, कमरेची दोरी तुटली. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, छपराच्या जागी भोक पडले, सुकाणू गेले. खांदा दुखावलेला असताना बेरिल पोहत मोडक्या डोलकाठीपर्यंत आली. तिला वर ओढून घेतले आणि तिघांनी बादल्यांनी पाणी उपसायला सुरुवात केली. गझवेल सुतारकामात तरबेज. त्याने फळ्या ठोकून भोक बुजवले, मोडक्या लाकडांतून नवी डोलकाठी उभी केली आणि नौका चिलीच्या किनाऱ्याला लागली.

इथे थांबून एक गोष्ट पाहा. त्या वादळी समुद्रात सुकाणू एकट्या बेरिलच्या हाती होते. त्याचे कोणाला नवल वाटले नव्हते, कारण तिची पाळी होती. लांबच्या प्रवासात नाव रात्रीही चालत असते. दोन माणसे असतील तर तीन-चार तासांच्या पाळ्या लावाव्या लागतात. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. म्हणजे आपण ज्याला दोघांचा प्रवास म्हणतो, त्यात अर्धा वेळ प्रत्येक जण एकटाच तांडेल असतो. शिडे उतरवायची की ठेवायची, दूरचा दिवा जहाजाचा की किनाऱ्याचा, जोडीदाराला उठवायचे की झोपू द्यायचे, हे त्याचे त्यानेच ठरवायचे. 'हे मला येत नाही, ते आमचे हेच बघतात' हे वाक्य तिथे चालत नाही.

दुसरी हकिगत मॉरिस आणि मॅरलिन बेली यांची. इंग्लंडमधील डर्बी गावचे हे साधे नोकरदार जोडपे. राहते घर विकून त्यांनी ३१ फुटांची नौका घेतली आणि दोघांची नावे एकत्र करून तिला 'ऑरॅलिन' म्हटले. १९७२ च्या उन्हाळ्यात ते न्यूझीलंडला जायला निघाले. मॅरलिनला पोहता येत नव्हते. आणि बाहेरच्या जगाची लुडबुड नको म्हणून त्यांनी संदेश पाठवणारा रेडिओ बरोबर घेतला नव्हता.

४ मार्च १९७३ च्या पहाटे पॅसिफिक महासागरात, गॅलॅपॅगस बेटांच्या वाटेवर, एका देवमाशाची धडक बसली. तासाभराच्या आत नौका बुडाली. हवेचा एक तराफा, एक रबरी होडी, थोडे डबाबंद अन्न आणि पाणी, एवढ्यावर दोघे उघड्या समुद्रात राहिले. शिधा संपल्यावर मॅरलिनने सेफ्टी पिना वाकवून गळ केले. मासे, कासवे आणि समुद्रपक्षी खाऊन, पावसाचे पाणी साठवून त्यांनी दिवस काढले. एकामागून एक सात जहाजे जवळून गेली, पण एकानेही त्यांना पाहिले नाही.

मॉरिस नौकेचा कप्तान होता. ताऱ्यांवरून जागा काढायची कला त्याची. पण नौका गेली तसा तो मनाने खचत गेला आणि पुढे आजारीही पडला. तेव्हा सूत्रे मॅरलिनने हाती घेतली. ती रोजचे अन्न मोजून वाटायची, पत्ते तयार करून खेळायला बसवायची, पुढच्या नौकेचा आराखडा काढायची, घरी गेल्यावर पाहुण्यांना काय वाढायचे त्याच्या याद्या करायची. आपण वाचणार, हे तिने नवऱ्याच्या वतीनेही धरून ठेवले. ३० जून १९७३ रोजी दक्षिण कोरियाच्या एका मच्छीमार जहाजाने त्यांना उचलले, तेव्हा ११७ दिवस लोटले होते. आणि त्यानंतर या जोडप्याने खरोखरच 'ऑरॅलिन-२' घेऊन पुन्हा समुद्र गाठला!

या हकिगतीत नवऱ्याला कमीपणा आणण्याचा हेतू नाही. दुसऱ्या कोणा जोडप्यात खचणारी बायको असती आणि सावरणारा नवरा. कोण कधी खचेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर दोघांनाही सगळे यायला हवे. रेडिओची गोष्टही विसरू नये. स्वतःच्या हिमतीवर जगणे चांगले, पण मदतीची हाक देण्याचे साधन मुद्दाम मागे ठेवणे ही हिंमत नव्हे. त्याची किंमत दोघांनाही मोजावी लागते.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण नवरा-बायकोचे नाही, पण दोघांच्या नावेचे आहे. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परत गोव्यात आल्या. वाटेत चार बंदरांत थांबल्या, केप हॉर्न ओलांडले, २५ हजारांहून अधिक सागरी मैल कापले. ही नौका गोव्याच्या मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. याच कारखान्यातील 'म्हादेई' घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने जगप्रदक्षिणा केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय. 'तारिणी'वरील दोघींच्या तयारीला निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांचे मार्गदर्शन होते. या तयारीला तीन वर्षे लागली. शिडे शिवणे, इंजिन दुरुस्त करणे, औषधोपचार, हवामान वाचणे, हे सारे दोघींनाही आले पाहिजे, अशीच ती तयारी असते. एकीने स्वयंपाक आणि दुसरीने सुकाणू, अशी वाटणी करून केप हॉर्न ओलांडता येत नाही.

आता आपल्या घरात डोकावू या. घरातली वाटणी बहुधा आपोआप झालेली असते. बँक, विमा, घरपट्टी, आयकर हे याचे खाते. आजीची औषधे, मुलांच्या लसी, शाळेच्या तारखा, गॅसचा नंबर, कामवाल्या बाईंचा हिशेब हे तिचे खाते. कामे भराभर होतात म्हणून ही वाटणी सोयीची वाटते. तसे करण्यात गैरही काही नाही. पण एके दिवशी दोघांपैकी एक जण अतिदक्षता विभागात असतो आणि बाहेर बसलेल्याला विम्याचे कार्ड कुठे आहे ते ठाऊक नसते. किंवा घरी राहिलेल्या बाबांना आजीची सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती ते कळत नाही. हल्ली तर निम्मे घर मोबाइलच्या पासवर्डमागे कुलूपबंद असते. संसाराचे केप हॉर्न असे न सांगता येते, आणि त्या वेळी नाव कडेला लावून 'थांबा, जरा शिकून घेतो' म्हणायची सोय नसते.

यासाठी फार मोठे काही करायचे नाही. महिन्यातून एक रविवार पाळ्या बदलाव्यात. त्या दिवशी बिले तिने भरावीत, आजीच्या गोळ्यांचा डबा त्याने लावावा. दोघांनी मिळून एक वही करावी. खाती, विमा, नामनिर्देशन, डॉक्टरांचे नंबर, औषधांची नावे आणि वेळा, सगळे त्या वहीत. वही कुठे ठेवली ते मोठ्या मुलांनाही सांगून ठेवावे. पुरुष मंडळींनी यात कमीपणा मानू नये आणि 'त्यांना नाही जमणार' म्हणून गृहिणींनीही स्वयंपाकघराचे दार अडवून बसू नये. पहिल्या दिवशी डाळ करपेल, पहिल्या दिवशी बिल चुकीच्या खात्यातून जाईल. हरिगोलुसुद्धा पहिल्या दिवशी गरगरच फिरते.

आणि हे वाचून एखाद्या जोडप्याला खरोखरच पाण्यावर जावेसे वाटले, तर फारच छान. सुरुवात शांत पाण्यापासून करावी. केरळात कोल्लम ते कोट्टपुरम हा १६८ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग १९९३ साली जाहीर झाला. तिथल्या कायलांवर घरनौकेत दोन दिवस काढले, तरी हातभर जागेत एकमेकांशी कसे पटते ते कळते! पुढची हौस असेल तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. रीतसर शिकावे, आणि दोघांनीही शिकावे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जाऊ नये. आपले कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, ती उगाच नाही. लाइफ जॅकेट अंगातच असावे, फळीखाली नव्हे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ हा दोघांच्याही पाठ असावा.

तूर्त मात्र येत्या रविवारचे बघा. घरातले कोणते काम आपल्याला मुळीच येत नाही, ते जोडीदाराला विचारा आणि त्याच्या किंवा तिच्या शेजारी बसून शिकून घ्या. एकमेकांना शांत झोप लागावी म्हणून करायची ही तयारी आहे. नावेवर जो झोपतो, तो जागणाऱ्यावर विश्वास टाकून झोपतो. संसारात याहून मोठे प्रेम ते कोणते?