चालतं सॉफ्टवेअर मुलांच्या हाती द्या

सॉफ्टवेअर इंजिनियरचा दिवस दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात जातो. कुणीतरी कधीकाळी लिहिलेला, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, कागदपत्रं अर्धवट. त्यात आज एक बदल करायचा आणि बाकीचं काही मोडू द्यायचं नाही. पुण्यात हिंजवडीला माझी बरीच वर्षं या कामात गेली. आता भिलाईत, वैशाली नगरातल्या आईच्या घरून मी तेच काम करते. संध्याकाळी आसपासची इंजिनियरिंगची मुलं लॅपटॉप घेऊन येतात. चार वर्षांच्या शिक्षणात हे काम त्यांच्या वाट्याला एकदाही आलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

ही मुलं हुशार आहेत आणि कॉलेजांचीही वाण नाही. दुर्गचं बीआयटी १९८६ चं, स्वामी विवेकानंद तंत्रविद्यापीठ इथलंच, कुटेलाभाठ्याला आता आयआयटी आहे. पण देशातल्या कितीतरी लॅबमध्ये पहिल्या वर्षाला आजही टर्बो सी उघडतं. बोरलँडने ते डॉसच्या काळात काढलं. आजच्या संगणकावर ते डॉसबॉक्समध्ये चालवावं लागतं. त्यातला ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटचा, म्हणून ३२,७६७ च्या पुढे एक मिळवला की उत्तर उणे येतं. तोच प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर बरोबर चालतो आणि असं का, हे मुलाला कुणी सांगत नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर आमची पिढी सी शिकली. त्या पुस्तकाच्या आवृत्त्या काळाबरोबर बदलल्या, लॅब मात्र तिथेच राहिली.

शेवटच्या वर्षी मेजर प्रोजेक्ट. दरवर्षी तेच विषय: ग्रंथालय, हॉस्पिटल, हजेरी. बरेच गट तयार प्रोजेक्ट विकत आणतात, नाव बदलतात, व्हायवा देतात. एक मुलगी असाच ग्रंथालयाचा प्रोजेक्ट घेऊन आली. “काकू, पुस्तक उशिरा परत केलं तर दंड दुप्पट लागतोय. परीक्षकांनी विचारलं तर काय सांगू?” सांगायचं काय ते नंतर बघू, म्हटलं, आधी शोधू. तिने डीबगर कधी वापरलेला नव्हता. एकेक ओळ थांबवत बघायला लागली. तासाभरात सापडलं: दंड पुस्तक परत घेताना मोजला जात होता आणि रोज रात्री आपोआप चालणाऱ्या हिशोबातही मोजला जात होता. एक जागा काढायची, पण कुठली? रात्रीचा हिशोब काढला असता, तर पुस्तक परत न करणाऱ्याचा दंड दिसलाच नसता. मग तिने आधी एक चाचणी लिहिली, नंतर बदल केला. चेहरा उजळला होता. म्हणाली, “हे आम्हाला सेकंड इयरला का नाही देत?”

खरंच, का नाही देत? हे शहर तर शिकाऊ माणसांच्या जिवावर उभं राहिलं. १९५५ मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला, इथले इंजिनियर तिकडच्या पोलाद कारखान्यांत शिकायला गेले आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिला ब्लास्ट फर्नेस सुरू झाला. माझे वडील त्याच कारखान्यात कोक ओव्हनला होते. नवा मुलगा आला की त्याला आधी चालत्या भट्ट्यांवर जुन्या माणसाच्या जोडीला देत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ मध्ये पदवीधर इंजिनियरही त्यात आले. सॉफ्टवेअरही असंच, चालत्या कामावर शिकता येतं.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक कॉलेजाने आपलंच एखादं चालतं सॉफ्टवेअर, ग्रंथालयाचं किंवा होस्टेल मेसचं, विद्यार्थ्यांच्या ताब्यात द्यावं. खऱ्या नोंदी नकोत, बनावट नावांची प्रत चालेल; तपासलेला बदल शिक्षकाने खऱ्या प्रणालीत न्यावा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी वाचायचं, तिसऱ्या वर्षाने तक्रारी सोडवायच्या, चौथ्याने खालच्यांचे बदल तपासायचे आणि जाताना पुढच्या बॅचला नीट सोपवून जायचं. नवा प्रोजेक्ट दरवर्षी कशाला हवा? जुनाच सांभाळायला द्या.

प्राध्यापक म्हणतात, आम्ही स्वतः कंपनीत काम केलेलं नाही. अडचण खरी आहे, आणि इथे उद्योगाने पुढे यावं. आज पदवी घेतल्यावर मूल पुण्याला सीडॅकचा सहा महिन्यांचा डॅक हा अभ्यासक्रम करतं, नाहीतर कंपनी त्याला नव्याने शिकवते; इन्फोसिसने त्यासाठी म्हैसूरला अख्खं संकुल बांधलं. ज्यांच्या घरी हे सहा महिने झेपत नाहीत, त्या मुलांचं काय? कंपन्यांनी आपले अनुभवी लोक आठवड्यातला एक दिवस कॉलेजला द्यावेत. माझ्यासारखे, गावी परतून घरून काम करणारे, लहान शहरांत आता बरेच आहेत. आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.

आता तर एआय मिनिटाभरात पानभर कोड लिहून देतं. तो बरोबर आहे का, हे वाचून ठरवायला माणूस लागतोच, आणि वाचणं आपण शिकवलेलंच नाही. तंत्रविद्यापीठाने येत्या सत्रात एक छोटा नियम करावा: मेजर प्रोजेक्टच्या व्हायवाला परीक्षकांनी स्लाइड बघण्याआधी बदलांची नोंदवही उघडावी. कुणी, कधी, काय बदललं आणि का. विकत आणलेल्या प्रोजेक्टात ती कोरी असते.